हमीदभाईंचा केना

हमीदभाईंना एखादा नवा शब्द आवडला की तो दिवसभर सुपारीसारखा त्यांच्या तोंडात घोळायचा. सकाळी हजेरीला तोच, डबा खाताना तोच, सायकलीत हवा भरतानाही तोच. एकदा त्यांना 'प्रकाशसंश्लेषण' सापडला, आणि मूल गावच्या बाजारात शेळी विकायला आलेल्या एका माणसाला त्यांनी तो भर उन्हात समजावून सांगितला. त्या बिचाऱ्याला वाटलं, शेळीवर सरकारनं नवी पट्टी बसवली. त्यानं मुकाट्यानं दावं सोडलं आणि शेळी घेऊन चालू लागला. हमीदभाई त्याच्या मागे, "अरे भाऊ, पट्टी नोहोय, पाल्याची गोष्ट हाये, पाल्याची!" आणि त्यांच्या मागे मी, दोघांच्या पिशव्या सांभाळत, हसून हसून रडकुंडीला आलेला.

आता वाटतं, तो बाजार एकदा तरी पुन्हा भरावा. वय झालं की माणसं आठवतातच, त्यात काय विशेष? पण काही माणसांची आठवण होत नाही, भूक लागते. हमीदभाई आहेत की नाहीत, हेही मला ठाऊक नाही. असते तर माझ्यापेक्षा थोरच असते, म्हणजे आशा धरायला फारशी जागा नाही. तरी धरतो. माझं कोण काय वाकडं करणार आहे!

चांदा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात आला होता, आणि आमच्यासारख्या नगरकडच्या पोरांना सरकारनं उचलून थेट झाडीपट्टीत नेऊन टाकलं होतं. ज्वारी-बाजरीच्या मुलखातला मी, माझी नेमणूक झाली चांद्याहून मूलकडे जाताना लागणाऱ्या एका सरकारी धानाच्या फार्मावर. चारी बाजूंनी साग, मोह आणि पाणी. सकाळी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, वाघाचे पंजे दिसले की गडीमाणसं ते ओलांडून कामाला लागायची. मी मात्र दुपारपर्यंत कुठल्या ना कुठल्या निमित्तानं ऑफिसात बसायचो. तिथं मला पहिल्यांदा हाक मारली ती हमीदभाईंनी. "या पावने," म्हणाले. पुढं सगळी वर्षं मी त्यांचा 'पावना'च राहिलो. नाव विचारलं होतं त्यांनी, लक्षातही होतं. पण हाक पावने.

ते माझ्याच पदावर होते, माझ्याआधी काही वर्षं रुजू झालेले. घर चांद्यात परकोटाच्या आत, वडिलांचा बांगड्यांचा धंदा. घरात उर्दू, बाहेर अस्सल झाडीची बोली, आणि कागदावर असलं मराठी की आमच्याकडच्या शास्त्रीबुवांनी चष्मा पुसून पुन्हा वाचावं. शास्त्रातले नवे घडवलेले मराठी शब्द मासिकांतून येत, ते हा माणूस दागिन्यांसारखे जपायचा. मी म्हणायचो, "अहो, इंग्रजी शब्द सुटसुटीत आहे, तोच वापरा की!" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर. "पावने, शास्तर आपल्या बोलीत नाई आलं तं कास्तकाराच्या घरात कसं जाईन? दाराशीच उभं राहीन न ते."

अंगानं किडकिडीत, गुडघ्यावर कायम चिखल. हसले की आवाज नाही, नुसते खांदे हलायचे. सरळ रेषेत चाललेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. दर चार पावलांवर वाकणार, एखाद्या तणाचं पान उलटं करणार, नखानं देठ सोलणार, हुंगणार, आणि त्याच्याशी बोलणार. "काय म्हनतं बाप्पा? बरं हाये न?" कोणी तक्रार घेऊन आलं, वरून हुकूम आला, पाऊस आला नाही, सगळ्यावर त्यांचं एकच: "पाहू न जी." चिडलेला माणूससुद्धा त्या 'जी'नं निम्मा थंड व्हायचा. मी तर चिडायचो ते ऐकायलाच.

फार्मावर तेव्हा एका नव्या औषधाचा प्रयोग चालू होता. 'टू-फोर-डी' त्याचं नाव. गडीमाणसं त्याला नुसतं 'मारकं पानी' म्हणत. हे पाणी धानावर फवारलं की धान तसंच उभं राहायचं आणि रुंद पानांचं तण पिळवटून मरायचं. मोठं नवल वाटायचं आम्हाला. एका ठराविक बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, ते दरसाल मारत होते. त्या बांधीत केना फार. केना आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, निळ्या इवल्या फुलांचा, जमिनीवर लोळत पसरणारा, पावसाळ्यात भाजीसाठी खुडतात तो. उपटून धुऱ्यावर टाकला तर तिथंच पेराला मुळं फुटून उठून बसतो, असला चिवट. औषधानं पहिली काही वर्षं तो साफ झाला. मग एका साली थोडा उरला. पुढच्या साली आणखी थोडा. मी आलो त्या साली फवारणी होऊन गेली, बाकीचं तण वाळलं, आणि बांधीच्या एका कोपऱ्यात केना हिरवागार, जणू त्याला कोणी काही केलंच नव्हतं.

फार्माचे साहेब म्हणाले, फवारणी नीट झाली नाही. साहेब वाईट नव्हते हो. पण त्यांना वर जबाब द्यायचा होता, आणि फवारा हमीदभाईंच्या हातात होता. सगळ्यांसमोर बोलले ते. "मन लावून काम करत नाही तुम्ही. गवताशी गप्पा मारता." मला वाईट वाटलं. निंदणाच्या बायका तिथंच उभ्या होत्या, त्यांनी खाली पाहिलं. हमीदभाईंचे कान लाल झाले, पण म्हणाले एवढंच, "साहेब, पानी सारखंच पडलं. झाडच येगळं हाये."

मग त्यांनी साहेबांकडे एक मागणं केलं. तो कोपरा या साली निंदू नका. केन्याला बी धरू द्या. पुढच्या उन्हाळ्यात ते बी एका कुंडीत, साध्या केन्याचं बी दुसऱ्या कुंडीत, दोन्हींवर एकाच फवाऱ्यानं औषध. साधा मेला आणि हा जगला तर माझं खरं. साहेबांनी डोकं खाजवलं आणि हो म्हटलं. मात्र सांगून टाकलं की प्रयोगाचं हेच शेवटचं साल, दिवाळीनंतर ती बांधी नांगरायची. म्हणजे जे काही हाती लागायचं ते त्या कोपऱ्यातच होतं. आदल्या सालचा उरलेला केना साहेबांनी आधीच उपटवून टाकला होता, साठवलेलं बी कुठंच नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या खोलीवर जेवायला होतो. चुलीवर मटण होतं, आणि हमीदभाई कच्च्या पपईची साल काढत बसले होते.

"पावने, मटनात हे काऊन घालतेत?"

"मऊ होतं म्हणून."

"आन् हेच पपई खूप येळ उकडून मंग घातली तं?"

मी म्हटलं, माझी आई शाकाहारी, मला काय विचारता!

"नाई गळत! कातडं तसंच राह्यते. म्हंजे पपईत काई तरी हाये जे काम करते, आन् उकळलं का मरून जाते. मी म्हनतो, आपल्या केन्यातई असंच काई असन. औषध आत गेलं का ते त्याचे तुकडे करून टाकते. पचवून टाकते पठ्ठ्या! सगळ्याच केन्यात थोडं असन, याच्यात जास्त असन. दरसाल आपन कमीवाले मारले, जास्तीवाले ठेवले." सुरी हातात तशीच धरून ते थांबले. चेहरा असा उजळलेला की मला पपईचा, मटणाचा, भुकेचा विसर पडला. "आन् त्याले मराठीत शब्द हाये, ठाऊक हाये का? विकर."

झालं. इंग्रजीतलं एन्झाइम राहिलं बाजूला, दुसऱ्या दिवसापासून तोंडात विकर.

ते नुसते बोलत नव्हते, करतही होते. कोपऱ्यातल्या केन्याची पानं खलबत्त्यात कुटायची, रस गाळायचा, त्यात औषध मिसळून माठाच्या गारव्याला ठेवायचं, मग ते चवळीच्या कोवळ्या रोपांवर लावायचं. चवळीला औषध लागलं की ती मान मुरडते. या रसातलं औषध लावलं तर कमी मुरडते, आणि रस आधी उकळून घेतला तर पुन्हा पूर्ण मुरडते, असं त्यांचं म्हणणं. मला बोलावून दाखवायचे. खरं सांगायचं तर मला सगळ्याच चवळ्या सारख्याच वाकड्या दिसायच्या. "नीट पाहा न जी," म्हणत ते माझी मान धरून खाली वाकवायचे. त्यांनाही ठाऊक होतं की चवळीनं साहेब मानायचे नाहीत. मानतील ते कुंडीतल्या केन्याला, आणि त्यासाठी बी हवं.

निंदणाच्या बायकांची म्होरकी भागरताबाई. ढिवराची बाई, नवरा आणि दीर बोडीवर, म्हणजे गावच्या तळ्यावर, जाळं टाकायचे, ही फार्मावर. तोंडानं फाटकी, मनानं मोठी. हमीदभाईंवर तिची माया होती, कारण चिखलात बायकांच्या बरोबरीनं उतरून निंदणारा ऑफिसातला माणूस तिनं दुसरा पाहिला नव्हता. झिंगे मिळाले की पळसाच्या पानात बांधून त्यांच्या सायकलीला अडकवून जायची.

एका दुपारी बायका धुऱ्यावर शिदोरी सोडून बसल्या होत्या, आम्ही दोघंही तिथंच. भागरताबाईनं विचारलं, "काऊन जी हमीदभाऊ, त्या कोपऱ्याले आमाले हात लावू देत नाई? साहेब तुमाले त्याच्याच पायी बोलते न?"

हमीदभाई खुलले. असा प्रश्न त्यांना साहेबांनी विचारला नव्हता, मी विचारला नव्हता.

"भागरताबाई, त्या केन्यात विकर हाये."

"अगे माय! विकार?"

"हो न!" त्यांना ऐकूच आला नाही तो काना. बाईनं आपला शब्द उचलला, याच आनंदात होते. "त्याच्यानं काय होते, का औषध त्याले लागतच नाई."

"औषधच लागत नाई?"

"कितीई मारा. पचवून टाकते."

बायकांचे घास हातात थांबले. एकीनं हळूच विचारलं, "मंग हा पसरन का जी?"

"पसरन म्हंजे! बी धरू द्या फक्त. मंग पाहा!" आणि खांदे हलवत हसले. भागरताबाईनं लुगड्याचा पदर तोंडाला लावला आणि कोपऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, बाई कौतुकानं पाहते आहे. माझ्या नगरी कानालाही ती गोम कळली नाही. आमच्याकडे तरी विकर कुणाच्या बापानं ऐकला होता!

दसऱ्याच्या सुमारास केन्याची निळी फुलं सरली आणि बोंडं भरायला लागली. हमीदभाई रोज सकाळी बसून बोंड दाबून पाहायचे. कच्चं तोडलं तर उगवणार नाही, म्हणून हात आवरायचे. "अजून दूध हाये," म्हणायचे. त्यातच त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. जायला तर हवंच होतं, थोरला भाऊ तो. निघताना त्यांनी साऱ्या बायकांना आमंत्रण केलं, अगदी एकेकीजवळ जाऊन. बायका लाजल्या. चांद्याला जायचं कसं, नेसायचं काय, आणि रिकाम्या हातानं लग्नाला जायचं कसं? माझ्याकडे वळून ते म्हणाले, "पावने, माझ्या केन्याकडे पाहा न जी." मी रोज पाहिलं. नंतर साहेबांनी मला खरेदीच्या कामाला ब्रह्मपुरीला पाठवलं, आणि आम्ही परतलो ते दोघं एकाच दिवशी. मूलच्या स्टँडवरच भेट झाली. त्यांच्या हातात लग्नाच्या मिठाईचा डबा होता, बायकांसाठी. वाटेत म्हणाले, "आता दूध आटलं असन. आज तोडून घेऊ."

बांधीजवळ आलो तर बायका धुऱ्यावर ओळीनं उभ्या. धुतलेली लुगडी, केसांना तेल. आमचीच वाट पाहत होत्या. भागरताबाई पुढं झाली.

"हमीदभाऊ, आमी गरीब मानसं. लग्नाले येनं झालं नाई. पन बहीन तुमची तशी आमची. काल सुट्टी होती, आमी समद्याजनी मिळून आल्तो. मजुरी नको आमाले. हा आमचा आहेर समजा."

आणि हात केला बांधीकडे.

धान पिवळं पडत होतं आणि त्याखालची माती लख्ख. कोपऱ्यात केन्याचं एक पान नव्हतं, एक पेर नव्हतं. धुऱ्याच्या पलीकडे राखेचा ढीग होता. केना टाकला तर पुन्हा उठतो हे त्या बायकांइतकं कोणाला ठाऊक असणार? म्हणून त्यांनी घरून तणस, धानाचा वाळला पेंढा, आणून, वर रचून, मुळासकट जाळला होता.

"तुमचा विकार मुळातून काढला पाहा," भागरताबाई म्हणाली. "आता साहेब तुमाले काई बोलनार नाई. धानालेई लागनार नाई."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. विकर, विकार. एवढ्याशा कान्यानं घात केला. मी तोंड उघडलंच होतं, तर हमीदभाईंनी माझा हात दाबला. अजून आठवतं, किती जोरानं दाबला. मग ते बांधीत उतरले, कोपऱ्यापर्यंत गेले, वाकले, बोटांनी माती उकरली. गळालेलं एखादं बी मिळतं का पाहिलं, मिळालं नाही. वर आले तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले.

"लय मोठा आहेर केला बाई तुमी. बहिनीले सांगतो."

डबा उघडून एकेकीच्या हातावर मिठाई ठेवली. बायका इतक्या आनंदात होत्या! भागरताबाईनं तर लग्नाचं गाणं धरलं. हमीदभाई सगळं गाणं संपेपर्यंत उभे राहिले, हसून मान डोलावत.

त्या गेल्यावर मी भडकलो. "सांगायचं होतं ना तोंडावर! वर्षाची मेहनत गेली. साहेब आता काय लिहितील ठाऊक आहे ना?"

ते राखेकडे बघत म्हणाले, "पावने, आहेर वापस करतेत का?" आणि जरा वेळानं, "काय सफाईनं निंदतेत पाहा या बाया. एक नाई ठेवला." मग मात्र ते रडायला लागले. मी त्यांची सायकल धरून उभा राहिलो.

साहेबांनी जे लिहायचं ते लिहिलं: फवारणीत हयगय. दिवाळीनंतर बांधी नांगरली. पुढच्या पावसाळ्याच्या आत हमीदभाईंची खानदेशात बदली झाली, कापसाच्या कामावर. काही दिवस पत्रं आली, मग माझीही बदली झाली, आणि सुटलं ते सुटलंच.

पुढं कितीतरी वर्षांनी, निवृत्तीच्या सुमारास, एका शेतीविषयक लेखात वाचलं की काही तणं तणनाशकाला दाद देत नाहीत, कारण त्यांच्यातली विकरं ते विष मोडून निरुपद्रवी करून टाकतात. तेच तेच औषध दरसाल मारलं की अशीच झाडं उरतात आणि वाढतात. लेखकानं हे नवं म्हणून सांगितलं होतं. माझा चहा तसाच निवला. बायको म्हणाली, काय झालं हो? काय सांगणार! ज्याला सांगायला हवं त्याचा पत्ता नाही. वाटलं, आत्ता उठावं, खानदेशातलं गाव न् गाव धुंडाळावं, आणि कुठं एखादा म्हातारा तणाजवळ वाकलेला दिसला तर मागून जाऊन म्हणावं, हमीदभाई, खरं होतं हो तुमचं. चवळी खरंच कमी मुरडली होती. मलाच दिसली नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मूलच्या स्टँडवर. वळकटी, ट्रंक, आणि सायकल टपावर. निंदणाच्या बायका कामावरून रजा काढून पोचवायला आल्या होत्या. भागरताबाईनं पळसाच्या पानात सुके झिंगे दिले होते आणि ती पदरानं डोळे पुसत होती. गाडीनं हॉर्न दिला, तेव्हा खिडकीशी जाऊन तिनं विचारलं, "हमीदभाऊ, तिकडच्या वावरातई असा विकार असन का जी?"

हमीदभाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून तिच्या डोक्यावर ठेवला.

"असाले पायजे, बाई," ते म्हणाले. "तुमच्या देवापाशी मागा माझ्यासाठी."

गाडी हलली. भागरताबाई चक्रावून माझ्याकडे पाहायला लागली, हा कसला माणूस, विकार मागतो. पण हमीदभाऊंनी मागितलं होतं. तिनं तिथंच, स्टँडच्या धुळीत, डोळे मिटले आणि हात जोडले.